आत्याबाईंचा गिअरबॉक्स

गाडीनं पहिला दणका दिला तेव्हा मी मागं वळून पाहिलं. वाटलं, कुणीतरी येऊन धडकलं. मागं कुणीच नव्हतं. लांबवर एक बाई डोक्यावर फणस घेऊन चालली होती, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की कुणी कुणाला धडकलंच असेल तर ते मीच.

कंपालातल्या नातेतेच्या उताराच्या तळाशी हे झालं. गाडी घेऊन आठवडाही झाला नव्हता.

घेताना मी फार शहाणपणा केला होता. जपानहून आलेल्या जुन्या गाड्या कंपालात ज्या आवारांत उभ्या असतात, तिथं मी फोनवर बघून-बघून शिकलेली विद्या घेऊन गेले. राखाडी ऑटोमॅटिक गाडी निवडली. ऑइल मोजायची काडी ओढून गिअरबॉक्सचं ऑइल पाहिलं, हुंगलं, पांढऱ्या रुमालावर पुसून उन्हात धरलं. गुलाबी होतं, जळका वास नव्हता. विकणारा म्हणाला, "मॅडम, तुम्ही मेकॅनिक आहात का?" मी नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"मुळे तो घासाघीस करायला घाबरेल असं मला वाटलं. तो घाबरला नाही, उलट खूश झाला. मेकॅनिकनं पसंत केलेली गाडी म्हटल्यावर त्यानं किंमत उतरवायची तरी कशाला?

खरं तर मी मांडव आणि खुर्च्या भाड्यानं देते. नवऱ्याच्या माघारी त्याची पिकअप मीच चालवत आले. मागं खुर्च्यांचा डोंगर, पुढं मी. लोकांच्या समारंभांना मी इतक्या वेळा गेलेय की कंपालातल्या निम्म्या जावयांना मी त्यांच्या सासूच्या आधी पाहिलंय. पण या खेपेला समारंभ घरचा होता. माझ्या भावाच्या मुलीचा, प्रोस्कोव्हियाचा. मुलाकडचे लोक मुलीच्या घरी येऊन रीतसर ओळख करून देतात तो दिवस. आणि त्या दिवशी आत्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारून खाली उतरली, असं दिसायला नको होतं. म्हणून गाडी.

आमच्या बुगांडात आत्येवाचून मुलगी उजवत नाही. मुलीच्या मनात कोण आहे ते ती आईला नाही, आत्याला सांगते. आत्या मुलगा बघते, पारखते, आणि भावाला जाऊन म्हणते, "चांगला आहे." तो शब्द आत्याचा. त्या दिवशी मुलाकडचे रांगेत बसतात आणि आत्या जणू कधी पाहिलंच नाही अशा थाटात फिरून त्यांच्यातून नवरा मुलगा हुडकून काढते. त्या दिवशी वाटेत कुठंही भेटायचं नाही, सोबत यायचं तर नावच नको. मुलाच्या गाडीतून उतरलेली आत्या म्हणजे विकली गेलेली आत्या.

मी पारखलेला मुलगा म्हणजे सेबुन्या. डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढतो. उंच, हडकुळा, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा. माझ्या भावाला, बोनिफासदादाला, तो पसंत नव्हता अशातला भाग नाही. पण त्याच्या डोक्यात जमिनीची दलाली करणाऱ्या एकाचा मुलगा होता. सेबुन्याला तो "तुझा चष्मेवाला" म्हणायचा. तरी माझ्या शब्दावर त्यानं हो म्हटलं होतं.

मग मी दादाला माझ्या गाडीत बसवलं.

मांडव कुठं घालायचा ते ठरवायला मी त्याच्या गावी गेले होते, बुवामा गावाच्या पुढं. काम झाल्यावर म्हटलं, चल दादा, बाजारापर्यंत चक्कर मारू. दादानं हॅट घातली. टेकडीवरून आम्ही ऐटीत उतरलो आणि तळाशी येताच गाडीनं असा दणका दिला की हॅट त्याच्या मांडीवर पडली.

"हे काय झालं?"

"खड्डा होता."

"गाडीच्या पोटात?"

दादानं हॅट उचलली, झटकली, पण परत डोक्यावर घातली नाही. आणखी एखादा दणका येईल म्हणून हातातच धरून बसला.

"लिओकादिया, ही गाडी तूच पारखलीस ना?"

"हो."

"कशी?"

"ऑइल बघून. हुंगून."

"आणि चष्मेवाला? त्यालाही हुंगूनच घेतलास?"

मी हसले. तो हसला नाही. घराच्या अंगणात उतरताना म्हणाला, "शनिवारी ते येतील, मी मान देऊन बसवीन, जेवू घालीन. पण शेवटचं हो माझ्या तोंडून यायचंय. मी पोरगी तुझ्या पारखीवर देत होतो. पारखीची ही तऱ्हा असेल तर मी म्हणेन, वर्षभर थांबा, बघू."

हे प्रोस्कोव्हियानं दारामागून ऐकलं. संध्याकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती, ती रडण्याच्या पुढं गेलेली होती. एवढंच म्हणाली, "आत्या, गाडी नीट करून घे गं."

तर असा माझ्या भाचीचा संसार एका गिअरबॉक्सवर येऊन टेकला.

दुसऱ्याच दिवशी मी किसेक्काच्या बाजारात गेले, जिथं कंपालातल्या साऱ्या गाड्या कधी ना कधी पोट उघडून पडतात. पहिला मेकॅनिक टायरवर बसून शेंगा खात होता. त्यानं उठण्याचीही तसदी घेतली नाही. लांबूनच ऐकून म्हणाला, "गिअरबॉक्स गेला, बाई. दुसरा बसवू." जसं डॉक्टरनं दारातूनच सांगावं, डोकं दुखतंय का, दुसरं बसवू. दुसऱ्यानं निदान ऑइल बदललं. म्हणाला, "जपानचं ऑइल प्यायची सवय हिला. इथं भलतंच कुणी पाजलं असेल, पचत नाही." ते मला फार पटलं, कारण माझंही सासरी तसंच झालं होतं. पण नवं ऑइल पिऊनही तिसऱ्या दिवशी रुबागाच्या उताराखाली दणका आला तो आलाच.

तिसरा मेकॅनिक शिकलेला होता. त्यानं यंत्र लावलं, पडद्यावर आकडे पाहिले, मग मला शेजारी बसवून बाजाराच्या गल्ल्यांतून गाडी फिरवली. लोण्यासारखी चालली. वळली, थांबली, निघाली. कुरकुर म्हणून नाही. त्यानं गाडी बंद केली आणि माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

"मॅडम, गाडीला काही झालेलं नाही."

"दणके देते."

"कधी?"

"मी असताना."

"झोप वगैरे येते ना तुम्हाला नीट?"

घरी येऊन मी स्वतःच निदान करायला बसले. फोनवर एका माणसानं गिअरबॉक्स उघडून आतल्या चकत्या टेबलावर भाकरीसारख्या मांडून दाखवल्या होत्या. ते मी पुन्हा-पुन्हा पाहिलं. मला सपाटीवर दणका बसत नव्हता, चढावर नाही, फक्त उतार संपला की बसायचा. यावरून मी निष्कर्ष काढला की जपानी गाड्यांना टेकड्या मानवत नाहीत. जपानात टेकड्या आहेत की नाहीत हे शोधायचं मात्र मला सुचलं नाही. सुचलं असतं तर एवढा चांगला निष्कर्ष वाया गेला असता.

शनिवार उजाडला. पिकअप खुर्च्या घेऊन पहाटेच पुढं गेली होती. मी पिवळ्या रेशमाची गोमेसी नेसले, खांद्यावरची टोकं ताठ उभी केली, कमरेला पट्टा आवळला आणि एकटीच निघाले. म्पिगी गावापर्यंत गाडी शहाण्यासारखी वागली. पुढं एक लांबलचक उतार आहे, तळाला लव्हाळ्यांची दलदल. तिथं जो दणका बसला तो आधीच्या सगळ्यांचा थोरला भाऊ होता. डॅशवरचा पिवळा दिवा मिचमिचायला लागला आणि गाडी अशी जड झाली, जणू मागं बैल बांधलाय. मी कडेला घेतली, बंद केली, बोनेट उघडलं.

बोनेट उघडून काय करायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणून काडी ओढली आणि हुंगली.

तेवढ्यात वरून गाड्यांची रांग येताना दिसली. पुढच्या व्हॅनला फिती बांधलेल्या, आत पांढरे पायघोळ कान्झू घातलेले पुरुष, वर कोट. मुलाकडचे! मी बोनेटमागं खाली बसले. पिवळ्या रेशमात, ऊन डोक्यावर असताना, राखाडी गाडीमागं लपणं हे काय लपणं होतं ते देव जाणे. व्हॅन थांबली. खिडकीतून एका बाईचा आवाज आला, "अगंबाई, ती मुलीची आत्या ना?"

"नाही," मुलाकडून बोलायला आणलेले म्हातारे कातेन्डे गरजले. "आत्याला आपण अजून पाहिलेलं नाही. दुपारी पाहणार आहोत. ते झाड आहे."

"झाडानं गोमेसी नेसलीय, काका."

"नेसू दे. पुढं चला."

व्हॅन पुढं गेली नाही. पावलं वाजली आणि बोनेटच्या पलीकडं कुणीतरी पाठ करून उभं राहिलं.

"आत्या, मी तुमच्याकडे बघत नाहीये," सेबुन्या म्हणाला. "रस्त्याकडे बघतोय. भोवळ आली का?"

"गाडीला आली. तुला गाडीतलं कळतं?"

"काहीसुद्धा नाही."

"मग उतरलास कशाला?"

"तुम्ही एकदम दिसेनाशा झालात."

मला इतका संताप आला होता, दादाचा, गाडीचा, त्या शेंगा खाणाऱ्याचा, की मी त्याच्या पाठीला सगळी कहाणी सांगितली. ऑइल, यंत्र, चकत्या. दादा काय म्हणाला तेवढं गिळलं. त्यानं नेहमीसारखं माझं संपेपर्यंत ऐकलं आणि मग विचारायला लागला, अगदी दवाखान्यात विचारतात तसं. "चढावर बरं असतं की उतारावर?"

"चढावर बरं. उतार संपला की दणका."

"थांबवून पुन्हा सुरू केली तर?"

"मग जणू काही झालंच नाही."

"उतारावरून दुसऱ्या कुणी चालवलीय?"

"दुसऱ्याला कोण देतंय! मेकॅनिकनं चालवली, पण बाजारात. तिथं कुठला उतार?"

मग तो म्हणाला, "तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. मला बघायचंय."

"गाडी?"

"नाही, तुम्हाला. रागावू नका. आमच्याकडे लोक येतात, म्हणतात अक्षर दिसत नाही. आम्ही अक्षराकडे बघत नाही, त्यांच्याकडे बघतो. कुणी मान तिरकी करतं, कुणी एक डोळा मिटतं. विचारलं तर शपथेवर सांगतात, मी नाही मिटला."

"तू माझ्या गाडीत बसलास तर माझं काय उरेल?"

"मी गाडीत नाहीच आहे," असं म्हणून तो आत बसला आणि सीट मागं पाडून आडवाच झाला, बाहेरून दिसू नये म्हणून. व्हॅनमधून कातेन्डेबुवा ओरडले, "नवरा मुलगा कुठं गेला?" कुणीतरी म्हणालं, "झाडाआड, काका." झाडाआड जाण्यात वावगं काही नव्हतं.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पिवळा दिवा विझलेला. चढ ती गुणगुणत चढली. माथा ओलांडला, पुढचा उतार सुरू झाला, आणि आडव्या पडलेल्या सेबुन्यानं हळूच म्हटलं, "आत्या, हात."

"कुठला हात?"

"हा."

मी खाली पाहिलं. माझा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता आणि दांडा न्यूट्रलवर. देवाशपथ सांगते, मी तो तिथं नेला नव्हता. हात आपला आपण गेला होता. पिकअपमध्ये इतकी वर्षं तो तसाच जात आला. माझा नवरा म्हणायचा, उतार म्हणजे देवानं फुकट वाटलेलं डिझेल. न्यूट्रल मारायची आणि गाडी सोडून द्यायची. त्यानंच काय, या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं तेच केलं. उतारावर गिअरमध्ये राहणारा माणूस आम्हाला पैसेवाला वाटतो नाहीतर परका. यात मी काही करते आहे असं मला कधी वाटलंच नाही. श्वास घेते असं कुणी मेकॅनिकला सांगतं का?

उतार संपला. मी बघत असताना, माझ्या डोळ्यांदेखत, तोच हात दांडा परत खाली ओढायला लागला. चाकं सुसाट, इंजिन पेंगलेलं. दण्ण!

"ही मी?"

"तुम्हीच."

फोनवरच्या त्या माणसानं मांडलेल्या चकत्या मला आठवल्या. बिचाऱ्या रोज माझ्या हातचा मार खात होत्या आणि वर मीच त्यांना तपासायला नेत होते. मी गाडी कडेला घेतली, बंद करून पुन्हा सुरू केली, आणि पुढचा उतार डावा हात मांडीखाली दाबून उतरले. गाडी इतकी निमूट उतरली की मला तिच्याकडे बघवेना.

"आता बरं की मगाशी बरं?" सेबुन्यानं विचारलं. सवय, दुसरं काय.

गाडीतून उतरताना त्यानं सांगितलं, "तुम्ही पुढं व्हा. आम्ही मागं थांबतो. तुम्ही नीट पोचून बसल्यावर येऊ." आरशात मी पाहिलं. मागोमाग आलेली सगळी वरात रस्त्याच्या कडेला उभी होती आणि कातेन्डेबुवा ठरवून रस्त्यापलीकडच्या रानाकडे तोंड करून बसले होते.

ते थांबले, आणि फारच थांबले. मी पोचले, पाणी प्यायले, बायकांत बसले, खुर्च्या मोजल्यासारख्या नजरेनं बघू नये म्हणून मान खाली घातली, तरी त्यांचा पत्ता नाही. आले तेव्हा आमच्या बाजूनं बोलायला आणलेला बोलका फाटकात आडवा उभा राहिला. उशिरा आलेल्यांना सोलणं हा त्याचा हक्कच असतो आणि तो त्यानं मनसोक्त वापरला.

"घड्याळ गावी विसरलात का? की आमची पोरगी पिकायची वाट बघत होतात?"

"रस्ता लांब होता, साहेब," कातेन्डेबुवा म्हणाले.

"रस्ता तोच आहे. आमच्या आत्याबाई केव्हाच पोचल्या."

"त्या थोर आहेत," कातेन्डेबुवा म्हणाले. पन्नास माणसं उन्हात उभी, आणि एकानंही अवाक्षर काढलं नाही.

तेवढ्यात दादानं मला खुणेनं स्वयंपाकाच्या मांडवामागं बोलावलं. केळीच्या पानांत बांधलेलं कच्च्या केळ्यांचं मातोके वाफेवर होतं, बायका घामानं निथळत होत्या.

"तुझी गाडी कुणी ओढून आणली?"

"स्वतः आली."

"दणका?"

"गेला."

"काय निघालं?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. वाटेत ठरवूनच आले होते: एक नट सैल होता, आवळला. छान, स्वच्छ उत्तर. कुणाला त्रास नाही. फक्त त्यात गाडी सदोष ठरत होती, आणि ती घेणारी मी ठरत होते तीच, हुंगणारी.

"काही निघालं नाही, दादा. गाडी चांगली आहे. मी उतारावर न्यूट्रल मारत होते. ऑटोमॅटिकला ते चालत नाही."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "उतारावर न्यूट्रल नाही मारायचं तर काय मारायचं?"

"बघ! तू शेजारी बसला होतास, माझा हात दिसत होता, आणि तुला काही वेगळं वाटलं नाही."

"मग कुणाला वाटलं?"

मी मातोकेकडे पाहिलं. ते मला मदत करण्यासारखं नव्हतं.

"चष्मेवाल्याला."

"तू त्यांना वाटेत भेटलीस?"

"मी नाही भेटले. मी झाड होते." मग मी सगळं सांगितलं. बोनेटमागं लपले तेसुद्धा. "आणि त्यांना उशीर माझ्यामुळं झालाय. मी आधी पोचावं, माझी शोभा राहावी, म्हणून ते मागं थांबले. आता बोलणी खातायत, पण एकानंही माझं नाव घेतलेलं नाही. बघ तू."

दादानं मांडवाची कड बाजूला करून फाटकाकडे पाहिलं. बोलका आता त्यांच्या बुटांवर घसरला होता. सेबुन्या मधेच कुठंतरी उभा होता, इतरांपेक्षा एक डोकं उंच, मान खाली.

"म्हणजे गाडी चांगली," दादा म्हणाला.

"गाडी चांगली. चालवणारी वाईट."

"आणि तो?"

"तो चांगला आहे. आणि त्याला चालवायला प्रोस्कोव्हिया आहे, मी नाही."

दादाला हसू आवरेना. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत तो हसला. बायका वाफेतून वळून बघायला लागल्या. डोळे पुसून त्यानं हॅट नीट केली आणि फाटकापर्यंत स्वतः चालत गेला. मुलीच्या बापानं असं जायचं नसतं. बोलक्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुरे झालं. माणसं उन्हात आहेत. आत घ्या."

बोलक्याचा अर्धा विनोद तोंडातच राहिला. तो दिवसभर रुसून होता, आणि त्याला का अडवलं ते कुणी सांगितलं नाही.

सगळे रांगांत बसले. मला हाक आली. मी उठले, पट्टा सावरला, आणि रीतीप्रमाणं मुद्दाम चुकीच्या माणसांसमोर थांबत, नाक मुरडत फिरले. कातेन्डेबुवांसमोर थांबले तेव्हा लोक ओरडले, "आत्याबाई, स्वतःसाठी बघताय का?" बुवा माझ्या डोक्यावरून पार क्षितिजाकडे बघत होते. मग दुसऱ्या रांगेत सेबुन्यापाशी आले.

"हाच," मी म्हटलं.

"नक्की?" बोलक्यानं विचारलं. विचारायची रीतच आहे. "अंधारात बघितलं नाहीत ना?"

समोरच्या मांडवात दादानं मान हलवली, अगदी थोडी.

"नक्की," मी म्हटलं. आणि त्याच्या कोटाला फूल लावलं.